चालू इंजिन पाहून पैसे दिले आणि गाडी पासिंगला अडली

आमच्याकडे २००७ सालची बोलेरो पिकअप आहे. वरुड तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या घरात अशी एखादी गाडी लागतेच. आंबिया बहराच्या दिवसांत ती रात्री भरून काटोलमार्गे नागपूरच्या कळमना बाजारात न्यायची आणि उरलेल्या वर्षात खत, सरकीची ढेप, कापूस, जे पडेल ते वाहायचे, असा आमचा क्रम होता. या गाडीत नव्या पद्धतीचे इंजिन बसवून देतो असे सांगून एका गॅरेजवाल्याने माझी जी फसवणूक केली, ती मी सविस्तर लिहीत आहे, कारण असेच बोलणे आमच्या भागातील आणखी दोन पिकअपवाल्यांशी सुरू असल्याचे मला नुकतेच कळले.

गाडीचे मूळ इंजिन २५२३ सीसीचे, डायरेक्ट इंजेक्शनचे आणि साध्या यांत्रिक पंपावर चालणारे होते. त्यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. सतरा वर्षांत ते झिजले, धूर मारू लागले आणि ऑइल खाऊ लागले. गावातील मिस्त्रींनी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, हाफ इंजिनचे, म्हणजे पिस्टन-रिंगांसारखे झिजलेले भाग बदलण्याचे, काम करून घ्या, पंचावन्न हजारांच्या आसपास खर्च येईल, असे स्पष्ट सांगितले होते. माझ्या मनात मात्र दुसरेच भरले होते. जुने इंजिन ६३ हॉर्सपॉवरचे, तर स्कॉर्पिओमध्ये येणारे २१७९ सीसीचे एमहॉक कॉमन रेल इंजिन १२० हॉर्सपॉवरचे. भरलेली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत जाते, ते थांबेल आणि डिझेलही वाचेल, असा माझा हिशेब होता. काका एवढेच म्हणाले, “इंजिन कुठलंही बसवता येते बापू, पण ते चालते वायरिंगवर आणि टिकते कागदावर.” त्यांचे हे वाक्य मी त्या वेळी जुन्या माणसाची धास्ती म्हणून सोडून दिले.

नागपूरच्या बाजूला असलेल्या त्या गॅरेजवाल्याकडे मी सप्टेंबर २०२४ मध्ये गेलो. अपघातात मोडलेल्या गाडीचे इंजिन, फिटिंगसह १ लाख ६५ हजार रुपये आणि वर माझे जुने इंजिन, असा सौदा ठरला. “भाऊ, फुल सेट देतो. इंजिन, कॉम्प्युटर, वायरिंग, सगळं. आरसीवर नंबर चढवायचं कामही माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त चाबी फिरवायची,” असे तो म्हणाला. ‘फुल सेट’ या दोन शब्दांत नेमक्या कोणत्या वस्तू येतात हे मी कागदावर लिहून घेतले नाही, आणि पुढचे सारे नुकसान तिथून सुरू झाले. मला मिळाली ती एक कच्ची चिठ्ठी, जिच्यावर केवळ ‘इंजिन काम, जमा १,१०,०००’ एवढेच लिहिलेले होते. त्यांपैकी चाळीस हजार मी मोबाइलवरून पाठवले, तेही त्याच्या नव्हे तर त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर. बाकीची रक्कम रोख दिली. उरलेले पंचावन्न हजार गाडी नेताना द्यायचे होते.

इंजिन मला चालू करून दाखवले होते, आणि मी फसलो तो याच ठिकाणी. लोखंडी घोडीवर इंजिन ठेवलेले, बाजूला बॅटरी, डिझेलचा छोटा डबा, तारांचा जुडगा आणि त्याला जोडलेला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले, आवाज स्वच्छ होता, धूर नव्हता. पाच मिनिटे ते चालले आणि माझी खात्री पटली. मला जे तेव्हा समजले नाही ते असे की कॉमन रेल इंजिनात डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे ईसीयू ठरवतो. त्याला क्रँक, कॅम, रेलमधील (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) दाब, एक्सलरेटरचे पेडल अशा अनेक सेन्सरांकडून खबर लागते. आणि चोरीला आळा बसावा म्हणून अनेक गाड्यांत चावीतील चिप व ईसीयू यांची जोडी बांधलेली असते. त्यामुळे घोडीवर इंजिन चालले ते ज्या ईसीयू आणि वायरिंगवर चालले, तोच संच चावीसह आपल्या हाती आला तरच त्या चालण्याला अर्थ असतो. त्याने दाखवण्यापुरता जोडलेला संच त्याच्याकडेच राहिला. माझ्या गाडीत बसला तो वेगळा ईसीयू आणि चार ठिकाणी जोडून टेप गुंडाळलेली वायरिंग. त्या दिवशी मी ईसीयूवरील क्रमांकाचा मोबाइलवर एक फोटो काढला असता, तर हा बदल मला गाडी ताब्यात घेतानाच दाखवता आला असता.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. माझे जुने इंजिन त्याने पहिल्याच दिवशी उतरवले आणि मी पुन्हा गेलो तेव्हा ते तिथे नव्हते. “कबाडीवाला घेऊन गेला, भाऊ,” एवढे उत्तर मिळाले. आरसीवर ज्याचा क्रमांक आहे ते इंजिन हातचे गेले की मागे फिरण्याची वाट बंद होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यानंतरची त्याची प्रत्येक मागणी मला ऐकावी लागली. फाउंडेशन, म्हणजे इंजिन बसवायची बैठक, नवीन करावे लागेल, त्याचे वेगळे पैसे; चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे माप जुळत नाही, त्याचे वेगळे; रेडिएटर लहान पडतो, मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत तापेल, म्हणून तोही बदला. ही कामे खोटी नव्हती. इंजिन बदलताना ती करावीच लागतात. परंतु सौदा करताना त्यांचा उच्चारही नव्हता, आणि गाडी उघडी पडलेली असताना नाही म्हणण्याची सोय माझ्याजवळ राहिली नव्हती. असे आणखी बत्तीस हजार गेले.

गाडी दिवाळीच्या आधी मिळाली आणि रिकामी असताना खरोखर छान पळाली. भरून निघाल्यावर तिसऱ्या फेरीला, काटोलच्या अलीकडे, मीटरवरचा इंजिनाचा दिवा लागला आणि तिची ओढच गेली. एक्सलरेटर पूर्ण दाबूनही ती पुढे सरकेना. बिघाड दिसला की इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू स्वतःच ताकद कमी करतो, हे मला नंतर कळले. त्या रात्री फक्त ताडपत्रीखाली तापणारी संत्री दिसत होती. कळमन्यात पोहोचलो तेव्हा सकाळचा लिलाव उरकत आला होता आणि माल मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

अमरावतीच्या एका दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. रेलमधील दाब मागणीपेक्षा कमी पडत होता. चार इंजेक्टरांपैकी दोन बदललेले होते. अशा इंजेक्टरांवर बहुधा एक कोड छापलेला असतो आणि बदलल्यावर तो ईसीयूमध्ये नोंदवावा लागतो. माझ्या ईसीयूमध्ये जुनेच कोड होते. चावीची जोडीही कोणीतरी बाहेरून तोडून ठेवली होती. गॅरेजवाल्याला फोन केला तेव्हा त्याने नवीन ईसीयूसाठी अठ्ठावीस हजार मागितले आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले.

येथवर नुकसान पैशांचेच होते. जानेवारी २०२५ मध्ये गाडी पासिंगला नेली. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते, आणि निरीक्षकांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने इंजिनवरचा क्रमांक पाहिला. तो आरसीशी जुळत नव्हता, कारण क्रमांक चढवण्याचा अर्ज कोणी कधी केलेलाच नव्हता. तसा अर्ज केला असता तरी तो मान्य होणार नव्हता, हे मला तिथे समजले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीवरील नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलून नोंदवणे ही एक गोष्ट झाली. २५२३ सीसीच्या जागी २१७९ सीसीचे वेगळेच इंजिन ही दुसरी गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जो गॅरेजवाला हे काम रोज करतो त्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

निरीक्षकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. क्रमांकाच्या जागेवर ग्राइंडर फिरल्याच्या बारीक रेषा होत्या आणि शेवटचे तीन आकडे इतरांपेक्षा किंचित तिरपे होते. माझे हातपाय गार पडले. इंजिनासोबत मला मूळ गाडीच्या आरसीची झेरॉक्स दिलेली होती, परंतु तिच्यावर नेमके हेच आकडे पुसट होते, आणि मी ते कधी प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून पाहिले नव्हते. चोरीला गेलेल्या वाहनांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या यंत्रणेत इंजिन किंवा चॅसिस क्रमांकावरून तपासता येते. जुने इंजिन घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ही तपासणी करावी, आणि मूळ आरसी, विमा कंपनीचा किंवा भंगार केंद्राचा कागद व जीएसटीचे पक्के बिल हातात आल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नये. माल चोरीचा असावा असे मानण्यास कारण असूनही तो जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, म्हणून मी त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जाऊन सर्व हकीकत स्वतःहून लिहून दिली आणि त्याची पोच घेतली. घरच्यांचा याला विरोध होता. लेखी दिले नसते तर उद्या मीच संशयित ठरलो असतो.

जिल्हा ग्राहक आयोगातही मी तक्रार दाखल केली आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि गाडी स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर ‘व्यापारी वापर’ या कारणावरून तक्रार आपोआप बाद होत नाही. ही माहिती मला वकिलांकडून मिळाली, आणि अनेक शेतकरी केवळ ती नसल्यामुळे गप्प बसतात. माझी अडचण पुराव्याची आहे. त्या कच्च्या चिठ्ठीवर गॅरेजचे नावही नाही. उपयोगी पडत आहेत ते चाळीस हजारांची मोबाइलवरील नोंद आणि त्याने पाठवलेले आवाजी संदेश, ज्यांपैकी एकात तो आरसीचे काम करून देण्याचे स्पष्ट कबूल करतो. ते मी दोन ठिकाणी जतन करून ठेवले आहेत.

गाडी सध्या गोठ्यामागे उभी आहे आणि या हंगामात माल भाड्याच्या गाडीने गेला. काकांनी मोर्शीकडून त्याच २५२३ सीसीचे एक इंजिन शोधले आहे. त्याची मूळ आरसी आणि विक्रेत्याचे पक्के बिल आम्ही समोरासमोर पाहिले, आणि इंजिनावरचा क्रमांक बोटाने चाचपून, आकडा आकडा वाचून ताडला. त्याचे पैसे अजून दिलेले नाहीत. परिवहन कार्यालयात परवानगीचा अर्ज दिला आहे आणि मंजुरी हाती आल्याशिवाय काका गाडीला पाना लावणार नाहीत.