मायलेजसाठी सर्व्हिसिंग करायचीय? पुण्यात धायरीच्या या छोट्या गॅरेजला जा

माझी १२५ सीसीची बाईक, सहा वर्षं जुनी, लिटरला ४२ वर आली होती. आधीच्या ठिकाणी दरवेळी ऑइल बदलून, गाडी धुऊन द्यायचे आणि बिल लावायचे, बाकी काही नाही. मग मित्राने धायरीच्या या गॅरेजचं सांगितलं.

इथल्या काकांनी आधी गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक हाताने फिरवलं, ते अर्ध्या फेरीत थांबलं. म्हणाले, ब्रेक चिकटतोय, तुम्ही ब्रेक दाबूनच गाडी चालवताय म्हणा ना! ब्रेकचे लायनर साफ केले, चेन लूज होती ती २०-३० मिमी खेळ ठेवून अॅडजस्ट केली आणि एअर फिल्टर काढून दाखवला, अक्षरशः काळा. हवा पण गाडीवरच्या स्टिकरवर दिलीय तेवढीच भरायची, तीही टायर थंड असतानाच चेक करायची, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

नंतर स्वतः मागे बसून एक चक्कर मारली आणि माझी क्लचवर बोटं ठेवायची सवय पकडली. म्हणाले, सिग्नलला मोठा आकडा दिसला की इंजिन बंद, थांबायचं असेल तर लांबूनच थ्रॉटल सोडायचा, ५० च्या स्पीडच्या आसपास टॉप गिअर.

महिन्याभरात टाकी फुल करून दोनदा मोजलं, ५१ आणि ५३. रविवारी गर्दी असते, सकाळी लवकर जा. जुने पार्ट हातात देतात, हे मला फार आवडलं.