जुनी एअर रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख आधी वाचा

एका नेमबाज मुलाच्या पालकांनी वापरलेली एअर रायफल विकत घेतली. तिच्या हवेच्या सिलिंडरवरचा कंपनीच्या नावाचा स्टिकर नखाने उचलला आणि खाली २०१३ चा शिक्का निघाला. व्यवहार २०२४ मधला. रायफल जर्मन, दस्ता ॲल्युमिनियमचा, पैसे लाखांत मोजलेले. १० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हवेच्या सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं असते, आणि ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. म्हणजे हे सिलिंडर विकलं तेव्हाच बाद झालेलं होतं. स्टिकर त्या जागी आपोआप आलेला नाही.

याच पालकांना त्याआधी वर्षभर एका दुकानाने उलट्या बाजूने गंडवलं होतं. "एक महागडी कशाला घेता? त्या पैशांत तीन येतात" असं सांगून तीन बंदुकांचा संच गळ्यात मारला: सरावाला स्प्रिंगची रायफल, स्पर्धेला स्वस्तातली पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) आणि 'मुलाला काय जमतं ते कळेल' म्हणून एअर पिस्तूल. दोन्ही व्यवहारांत लबाडी कुठे होती ते इथे नीट मांडतो, कारण आज कोणीतरी तोच सौदा करत असेल.

आधी तीन बंदुका. स्प्रिंगच्या रायफलवर दुर्बीण बसवलेली होती. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. मागे डायऑप्टर (बारीक भोकातून नेम धरायची साइट) आणि पुढे रिंग असलेली साइट लागते. म्हणजे संचातली पहिली वस्तू स्पर्धेच्या कामाची नाही. सरावाचीही नाही, कारण स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा दाबल्यावर जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीत असतानाच बंदूक हलते. मुलगा तो धक्का सावरायला शिकतो आणि पीसीपी हातात आली की तीच सवय त्याला नडते. शिवाय गाल टेकवायच्या जागेची उंची, दस्त्याची लांबी, घोडा दाबायला लागणारा जोर तिन्ही बंदुकांत वेगळा. नेमबाजाची पोझिशन हजारो छर्ऱ्यांनी एकाच बंदुकीभोवती घडते. आज ही, उद्या ती, असं केलं की ती कधी घडतच नाही. मूल वाढतंय म्हणून दर दोन वर्षांनी नवी बंदूक, हेही खरं नाही. पुढेमागे आणि वरखाली होणारा दस्ता असलेली एकच रायफल बरीच वर्षं पुरते.

दुकानातलं प्रात्यक्षिक तर सरळ फसवणूक होती. छर्रा फळीत खोल घुसला, मोठा आवाज झाला, पालक खूश. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टनपुढे तेलाचे दोन-चार थेंब असले की दाबलेल्या गरम हवेत ते पेटतात आणि छर्रा नेहमीपेक्षा जोरात सुटतो. जळक्या तेलाचा वास आणि नळीच्या तोंडाशी धूर ही त्याची खूण. तेल जळून संपलं की जोर उतरतो, आणि तोवर सीलला इजा झालेली असते.

'सेकंदाला १००० फूट' या जाहिरातीचं गणित घरी करून बघा. १००० फूट म्हणजे जवळपास ३०५ मीटर. स्पर्धेचा शिशाचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा. किलोग्रॅममधलं अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केला की छर्ऱ्याची ऊर्जा साडेचोवीस ज्यूल येते. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे विनापरवाना एअरगनला २० ज्यूल आणि .१७७ बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची, इंचात) मर्यादा आहे. तेव्हा हा आकडा एकतर ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्यावर काढलेला असतो (तसे जेमतेम सव्वासोळा ज्यूल होतात), नाहीतर बंदूक परवान्याच्या कक्षेत जाते. स्पर्धेच्या रायफलला एवढा वेग लागतही नाही. ती सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगावर चालते, म्हणजे पावणेआठ ज्यूलच्या आसपास. वेगाच्या आकड्यावर बंदूक विकणाऱ्याला नेमबाजी कळत नाही, किंवा तुम्हाला ती कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

याच दुकानात '.२२ ची एअरगन'ही दाखवली होती, स्वप्नील कुसाळेचं नाव घेऊन. स्वप्नीलचं पॅरिसचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमधलं, ती .२२ ची काडतुसाची रायफल असते आणि तिला परवाना लागतो. .२२ ची एअरगन वेगळी वस्तू आहे, पण .१७७ च्या वर गेल्यामुळे परवाना तिलाही हवा. 'कागद लागत नाही' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. काडतुसाच्या बंदुकांत तर स्वस्तातल्या चार घेऊ हा विचारच उरत नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे.

आता ती महागडी रायफल. एकच चांगली घ्यायची हा निर्णय बरोबर होता, फसवणूक पुढे झाली. वापरलेल्या पीसीपी रायफलचं मोल चार ठिकाणी असतं: नळी, रेग्युलेटर (दर छर्ऱ्यामागे हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), घोड्याची यंत्रणा आणि सिलिंडर. रंग, दस्ता, पेटी यांना भुलू नका.

सिलिंडर काढून हातात घ्या, सगळे स्टिकर आणि टेप काढायला लावा, महिना आणि वर्ष वाचा. शिक्का घासलेला असेल तर मुदत संपली असंच धरा. नवं सिलिंडर परदेशातून येतं, महाग पडतं आणि वाट पाहायला लावतं. विकणाऱ्याने हा खर्च तुमच्यावर ढकललेला असतो. हवा भरायचं अडॅप्टर त्याच कंपनीचं सोबत आहे का तेही पाहा. त्याच्याशिवाय सिलिंडर भरता येत नाही, आणि नेमकं तेच 'नंतर पाठवतो' म्हणून राहतं.

रेग्युलेटर तपासायला क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, हवा. चांगल्या रेंजवर मिळतो. सिलिंडर त्याच्यावर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुतेकदा २०० बारपर्यंत, सावकाश भरा. दहा छर्रे मारून वेग लिहा. चांगल्या रायफलमध्ये सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगात सेकंदाला तीन-चार मीटरचाच फरक राहतो. मग अर्धा तास रायफल तशीच ठेवा आणि एक छर्रा मारा. तो आधीच्यांपेक्षा आठ-दहा मीटर जास्त वेगाने गेला, तर रेग्युलेटरची सीट झिरपते आहे: बंद असतानाही आतला दाब हळूहळू चढतो. ही खोड विक्रेता सहज लपवतो, कारण तो तुमच्यासमोर एकामागून एक छर्रे मारतो आणि दाब चढायला उसंतच मिळत नाही. शेवटी गेजचा फोटो काढून रात्रभर ठेवा. सकाळी हवा आदल्या रात्रीइतकीच गार असताना काटा खाली आलेला असेल तर ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

नळीसाठी विक्रेत्याने दाखवलेलं छर्ऱ्यांच्या भोकांचं कार्ड पाहू नका. तो वीसातलं सर्वांत चांगलं दाखवतो. स्वतःचा चांगल्या कंपनीच्या छर्ऱ्यांचा बंद डबा न्या, रायफल शिकंज्यात धरून १० मीटरवर दहा छर्रे मारायला सांगा. सगळ्या भोकांचा मिळून बाहेरचा व्यास सात-आठ मिलिमीटर आला तर नळी ठीक. दहाच्या पुढे गेला तर आधी छर्ऱ्याचा डोक्याचा आकार बदलून पाहा, ४.४९ मिलिमीटरऐवजी ४.५०, तरी सुधारत नसेल तर सोडून द्या.

घोडा फार हलका लागतोय म्हणून हुरळू नका. स्थानिक कारागिराने सिअर (घोडा दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणारा तुकडा) कानशीने घासला की वरचा कडक थर जातो आणि पुढे तो भराभर झिजतो. नळी लक्ष्याकडे ठेवून रायफल कॉक करा, बोट घोड्यापासून लांब ठेवा आणि दस्त्याच्या मागच्या टोकावर तळहाताने थाप मारा. सुटली तर ती रायफल लहान मुलाच्या हातात देण्यालायक नाही.

फोटोत दिसणारा डायऑप्टर पेटीत असेलच असं नाही. पालकांच्या व्यवहारात तो दुसऱ्याच कंपनीचा, आयरिस (भोक लहानमोठं करणारा भाग) तुटलेला निघाला. रायफलचा अनुक्रमांक कारखान्याच्या टेस्ट कार्डावरच्या क्रमांकाशी जुळवा. आयातीची कागदपत्रं मागा. शुल्कसवलतीत आणलेल्या शस्त्राच्या पुनर्विक्रीला अटी असतात, आणि त्या मोडल्या तर त्रास घेणाऱ्यालाही होतो.

'मी लष्करात आहे, बदली झाली, म्हणून विकतोय' असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा आणि बुकिंगचे पैसे आधी मागणारा भेटला तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला १९३० ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. दुकानाने फसवलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि बिलावर नुसतं 'एअर रायफल १ नग' चालत नाही. रायफलचा अनुक्रमांक, सिलिंडरचा क्रमांक आणि त्यावरचा महिना-वर्ष, डायऑप्टरचं नाव, अडॅप्टर, हे सगळं दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. लिहायला तो कांकू करू लागला तर पैसे खिशातच ठेवा.