शेतीचा गावावर काय परिणाम होतोय हे मोजायचंय: एलसीए, साफा की पीआरए?

तिन्ही पद्धतींचे समर्थक आपलीच पद्धत कशी बरोबर ते सांगतात, त्यामुळे निवडताना गोंधळ होतोच. आधी एवढंच ठरवा की रिपोर्ट कोणाच्या हातात जाणार आहे, माल घेणाऱ्या कंपनीच्या, शेती करणाऱ्यांच्या की शेजारी राहणाऱ्यांच्या.

एलसीए म्हणजे लाइफ सायकल असेसमेंट, आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्याची स्टँडर्ड्स. खत कारखान्यात बनतं तिथपासून माल शेताबाहेर पडेपर्यंतचा सगळा हिशोब, आणि उत्तर सहसा मालाच्या किलोमागे पर्यावरणावर किती भार पडला असं येतं. दोन ठिकाणच्या मालाची तुलना करायची तर हीच पद्धत, वाद नाही. नायट्रस ऑक्साइडचंच बघा ना, नत्राच्या खतातून निघतो, १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २७३ पट तापवतो, पण ना दिसतो ना कोणी त्याची तक्रार करतं, असल्या गोष्टी गावात विचारून थोड्याच कळणार आहेत.

पण गोम अशी आहे की किलोने भागलं की जागाच गायब होते. एकरी भरपूर युरिया टाकला आणि उत्पन्नही भरपूर निघालं तर किलोमागचा आकडा मस्त दिसू शकतो, पण पिकाने न उचललेलं नत्र त्याच जमिनीतून खाली झिरपतं आणि आसपासच्या विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत ही डब्ल्यूएचओची मर्यादा मुख्यतः बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांचा विचार करून ठेवलीये, आणि त्या बाळाला तुमच्या किलोमागच्या आकड्याशी काय घेणंदेणं? माणसांवरचे परिणाम बघणारी सोशल एलसीएसुद्धा आहे, युनेपच्या म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या गाइडलाइन्स २००९ मध्ये आल्या आणि २०२० मध्ये सुधारल्या, पण डेटा बऱ्याचदा देश किंवा अख्ख्या क्षेत्राच्या पातळीवरचा मिळतो, म्हणजे तुमचं गाव त्यात नसतंच.

साफा ही शेती आणि अन्नव्यवस्था किती टिकाऊ आहे ते तपासायची एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची चौकट. कारभार, पर्यावरण, आर्थिक टिकाऊपणा आणि सामाजिक हित असे ४ भाग, त्याखाली २१ विषय आणि एकूण ११६ निर्देशक, निकाल लाल ते गडद हिरवा अशा रंगात. मजुरी, सुरक्षितता, पाणी सगळं एकाच चित्रात येतं हे चांगलंच आहे, पण उत्तरं मुख्यतः शेती चालवणाराच देतो, त्यामुळे फवारणीचा वास ज्याच्या घरात येतो त्याचा नंबर लागेलच असं नाही. स्वतःची शेती सुधारायची असेल तर घ्या, भांडण सोडवायला नको.

पीआरए म्हणजे पार्टिसिपेटरी रुरल अप्रेझल, लोकांसोबत बसून नकाशा काढायचा, शिवार फिरायचं, कोणत्या महिन्यात काम मिळतं आणि कधी पाणी आटतं ते त्यांच्याकडूनच मांडून घ्यायचं. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की बाहेरून येणारे लोक डांबरी रस्त्यालगतच फिरतात, कोरड्या दिवसांत येतात आणि वजनदार माणसांशीच बोलून जातात. तीच चूक इथेही होते, सगळ्यांना एकत्र बसवलं की जमीनवालेच बोलतात, म्हणून भूमिहीन मजूर आणि बायकांची बैठक वेगळी घ्याच. आणि आकडा मात्र यातून निघत नाही, त्यामुळे समोरचा सहज म्हणतो की हे नुसतं लोकांचं म्हणणं आहे.

सामाजिक परिणाम मोजताच येत नाहीत असं कोणी म्हणालं तर अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट यांचं काम सांगा. १९४० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातली आर्विन आणि डिनुबा ही दोन गावं शेजारी ठेवून बघितली, शेतीचं उत्पन्न साधारण सारखंच, पण आर्विनभोवती मोठमोठी शेतं आणि डिनुबाभोवती छोटी. डिनुबात दुकानं जास्त, शाळा-बागा जास्त, राहणीमान बरं, तर आर्विनमध्ये बहुतेक जण दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. किलोमागच्या हिशोबात हा फरक आला असता का हो?

गावासाठी करत असाल तर माझं मत सरळ आहे, पीआरएने सुरुवात करा आणि लोक ज्या विहिरी दाखवतील त्यांचंच पाणी लॅबमध्ये तपासून घ्या, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि शेतापासून लांबच्या एखाद्या विहिरीचंही घ्या म्हणजे तुलना होईल. नायट्रेट खाली उतरायला कधी कधी कित्येक वर्षं जातात, म्हणून एका वर्षाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तपासणी बंद करू नका. एलसीएवर पैसे तेव्हाच घाला जेव्हा खरेदीदार तो आकडा लेखी मागेल.