भित्तिचित्रासाठी इमल्शन आणि स्टेनर: घ्यावे का?

पुण्यात शाळेची किंवा सोसायटीची भिंत रंगवायची असेल, तर चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी ट्यूबमधले ॲक्रिलिक विसरावे. पांढरे एक्स्टीरियर इमल्शन, म्हणजे बाहेरच्या भिंतींचा पाण्याने पातळ होणारा रंग, आणि त्यात छटेसाठी मिसळायच्या दाट रंगाच्या, म्हणजे स्टेनरच्या बाटल्या, हाच परवडणारा मार्ग. एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण ५० चौरस फूट भिंत होते. खरबरीत गिलाव्यावर त्याहून कमी.

खरी गोची स्टेनरची. लिटरमागे ३०-४० मिलीच्या पुढे गेलात की रंग नीट सुकत नाही, बोटाला लागतो आणि पहिल्याच वळवात ओघळतो. म्हणून गडद लाल किंवा काळा स्टेनरने गाठायला जाऊ नका, त्या छटेचे तयार इमल्शनच घ्या. स्टेनरमध्ये गेरूसारखा लाल ऑक्साइड आणि पिवळा ऑक्साइड उन्हात टिकतात. भडक पिवळा, गुलाबी मात्र दक्षिणेकडच्या भिंतीवर लवकर विटतात.

पोपडे सुटले तर डबा बदलून उपयोग नाही. जुना चुना पत्र्याने खरवडलेला नसेल, तर प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) त्याच्यासकट निघतो. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्या. काम फेब्रुवारीत उरका; मे महिन्यात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो. आणि रोलर स्वस्तातला नकोच, त्याचे केस चित्रात चिकटून राहतात.