फाइल कुणी धरून ठेवलीय ते सांगणारं फाइल लॉकस्मिथ, वर्षभर वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या विंडोजसाठीच्या छोट्या टूल्सच्या संचात २०२२ च्या नोव्हेंबरात फाइल लॉकस्मिथ नावाचं एक छोटं टूल आलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज १० आणि ११ वर चालतं. मी सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करतो आणि "फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय" (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) हा एरर ज्यांनी ज्यांनी खाल्लाय त्या सगळ्यांना हे माहीत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय.

वापरायला काहीच अवघड नाही. अडकलेल्या फाइलवर राइट क्लिक करायचं, मेनूत "अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ" दिसतं ते दाबायचं, की कुठल्या प्रोसेसने फाइल धरलीय त्याची यादी येते, नाव, प्रोसेस आयडी, युजर सगळं. अख्ख्या फोल्डरवर केलं तरी चालतं, आतल्या सबफोल्डरपर्यंत शोधतं, आणि एखादी प्रोसेस उघडून बघितली की तिने नेमक्या कुठल्या कुठल्या फाइली धरल्यात तेही दिसतं. दुसऱ्या युजरच्या किंवा सर्व्हिसच्या (मागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रोसेस बघायच्या असतील तर वरचं अ‍ॅडमिनचं बटण दाबून परत उघडावं लागतं. हे विसरू नका, नाहीतर यादी रिकामी दिसते आणि वाटतं फाइल मोकळी आहे.

आता मला कुठे उपयोगी पडलं ते सांगतो. ऊस हंगामात एका कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचं सॉफ्टवेअर चालतं. गाडी काट्यावर आली की कॅमेऱ्याने फोटो काढायचा, टोकन नंबरच्या नावाने सेव्ह करायचा आणि स्क्रीनवर दाखवायचा. फोटो नीट नाही आला तर ऑपरेटर "परत फोटो" दाबतो, मग जुनी फाइल डिलीट होऊन त्याच नावाने नवीन सेव्ह होते. दिवसा सगळं व्यवस्थित आणि रात्री एरर. मागे ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत आणि काट्यावरचे काका फोनवर मला सांगतायत, "साहेब, दुसरं कोणतरी फाइल वापरतंय म्हणतंय, पण हितं मी एकलाच बसलोय की!"

आधी माझा संशय अँटीव्हायरसवर. मग बॅकअपवर. दोन दिवस त्यातच गेले. शेवटी त्या मशीनवर पॉवरटॉइज टाकलं, काकांना एरर आल्यावर स्क्रीन तशीच ठेवायला सांगितली आणि फोटोवर राइट क्लिक केलं. यादीत एकच नाव, आमच्याच प्रोग्रॅमचं.

मेसेजमधला "दुसरी प्रोसेस" हा शब्द फसवा आहे हे तेव्हा डोक्यात बसलं. एकाच प्रोग्रॅमने फाइल एकदा उघडून सोडली नाही आणि तोच परत उघडायला किंवा डिलीट करायला गेला तरी विंडोज तोच मेसेज देतं. फोटो दाखवायला मी सी शार्पचं इमेज डॉट फ्रॉमफाइल वापरलं होतं, आणि ते इमेज डिस्पोज होईपर्यंत, म्हणजे कोडमधून ती सोडून देईपर्यंत, फाइल धरून ठेवतं. रात्री हेडलाइटच्या उजेडाने नंबर प्लेट पांढरीफट यायची, म्हणून "परत फोटो" रात्रीच जास्त दाबलं जायचं, आणि म्हणून एरर पण रात्रीचाच. दुरुस्ती चार ओळींची होती: युजिंगच्या (काम संपलं की वस्तू आपोआप सोडून देणाऱ्या ब्लॉकच्या) आत इमेज उघडायची, तिच्यावरून नवीन बिटमॅप, म्हणजे मेमरीतली प्रत, बनवून तो स्क्रीनला द्यायचा, युजिंग संपलं की फाइल मोकळी. असंच फाइल डॉट क्रिएटचंही होतं, रिकामी फाइल बनवायला म्हणून लोक वापरतात पण ते उघडी स्ट्रीम (फाइलशी चालू असलेली जोडणी) परत देतं आणि ती कुणी बंद करत नाही.

टूलमध्ये "एंड टास्क" बटण आहे. ते जपून वापरा, प्लीज. ऑफिसमधले हिशोबाचे दादा दरपत्रकाची एक्सेल दिवसभर उघडी ठेवतात आणि आमचा प्रोग्रॅम तीच वाचायला जातो आणि अडतो. तिथे लॉकस्मिथ एक्सेल दाखवतं, आणि एंड टास्क दाबलं तर त्यांचं सेव्ह न केलेलं काम गेलं. इथे चूक एक्सेलची नाहीच, आपण वाचताना काय मागतोय त्याची आहे. साधं फाइल डॉट ओपनरीड किंवा रीडऑलटेक्स्ट आतून फाइलशेअर रीड मागतं, म्हणजे "मी वाचतोय तोवर बाकीच्यांनी फक्त वाचा, लिहू नका", पण एक्सेलने तर लिहायच्या हक्काने आधीच उघडलेली असते, मग विंडोज नाही म्हणतं. फाइलस्ट्रीम स्वतः उघडून अ‍ॅक्सेस रीड आणि शेअर रीडराइट दिलं की एक्सेल उघडी असताना पण वाचता येतं. फक्त शेवटचं सेव्ह केलेलंच वाचलं जाईल, एवढं लक्षात असू द्या.

सेव्ह करताना मी आता थेट मूळ फाइलवर लिहीतच नाही. त्याच फोल्डरमध्ये टेम्प फाइल लिहायची, बंद करायची, मग फाइल डॉट रिप्लेसने अदलाबदल. त्यामुळे लॉक अगदी थोडा वेळ लागतो आणि मध्येच लाइट गेली तरी मूळ फाइल अर्धवट राहण्याची शक्यता खूप कमी होते. तरी समोरच्याने धरलेलीच असेल तर थोडं थांबून परत, असं चार-पाच वेळा, आणि तरीही नाही झालं तर युजरला स्पष्ट सांगायचं की ही फाइल बंद करा. "फाइल उघडी आहे का" असं आधी तपासणारं फंक्शन बऱ्याच कोडमध्ये दिसतं, ते काढून टाका, कारण तपासणं आणि उघडणं याच्या मधल्या क्षणात दुसरा कुणीही घुसू शकतो. उघडायचा प्रयत्न करा आणि एक्सेप्शन (कोडमध्ये येणारा एरर) पकडा, त्याच्या एचरिझल्ट या एरर कोडमध्ये विंडोजचा एरर ३२, म्हणजे फाइल दुसऱ्याने धरलीय, निघाला तरच थांबून परत करा. सरसकट सगळ्या एक्सेप्शनला रिट्राय लावलं तर डिस्क भरलेली पण कळणार नाही.

टूलच्या मर्यादा पण आहेत. ते प्रोसेस सांगतं, तुमच्या कोडमधली ओळ नाही, ती तुम्हालाच शोधायची. शेअर्ड फोल्डरमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून कुणी उघडली असेल तर तुमच्या मशीनवर काही दिसणार नाही, त्यासाठी सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्स बघावं लागतं. आणि ते फक्त त्या क्षणाचं चित्र दाखवतं, अर्ध्या सेकंदासाठी धरून सोडणारा स्कॅनर त्यात सापडत नाही. तिथे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या टूल्सच्या संचातलं प्रोसेस मॉनिटर लावा, फिल्टरमध्ये रिझल्ट इज शेअरिंग व्हायोलेशन टाका आणि चालू ठेवून द्या, तुमच्या प्रोग्रॅमला कुठल्या फाइलवर किती वाजता नकार मिळाला ते कळतं, मग त्याच वेळेला त्या फाइलवर अजून कोण होतं ते बघायचं. सिसइंटर्नल्सचंच प्रोसेस एक्सप्लोरर पण आहे, त्याच्या हँडल शोधायच्या खिडकीत फाइलचं नाव टाकलं की हँडल, म्हणजे कुणी फाइल धरलीय त्याची नोंद, सापडतो. ते जास्त ताकदवान आहे पण काट्यावरच्या काकांना फोनवर समजावता येत नाही, राइट क्लिक समजावता येतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. क्लायंटच्या मशीनवर टाकणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ते फक्त एक्स्टेंडेड मेनूत ठेवा, म्हणजे शिफ्ट धरून राइट क्लिक केलं तरच दिसतं आणि कुणाच्या हातून चुकून एंड टास्क दाबलं जात नाही.