ब्रेक डिस्कचा गंज: नाशिककरांनी खर्च कशावर करावा, कशावर टाळावा

रात्रभर पाऊस लागला आणि सकाळी अलॉय व्हीलच्या फटीतून डिस्क नारंगी दिसली, की पहिला फोन गॅरेजला जातो. तिकडून एक जण सांगतो कोटेड डिस्क, म्हणजे गंजरोधक थर दिलेली डिस्क टाका, दुसरा म्हणतो स्प्रे मारून देतो, आणि घरचे म्हणतात एक चांगलं कव्हर घे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज फिरणाऱ्या गाडीला यातलं काहीच विकत घ्यायला नको. आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मालकाला पैसे नाही, सवय बदलावी लागते. डिस्क बदलायचीच वेळ आली असेल, तर मात्र कोटेडच घ्या.

कारची डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. त्यातल्या ग्रॅफाइटमुळे ती उष्णता पटकन वाहून नेते आणि ब्रेक लावताना होणारी थरथर जिरवते, पण ओल लागली की काही तासांतच तिच्यावर गंज धरतो. 'मग बाइकची डिस्क का गंजत नाही?' असं बरेच जण विचारतात. ती बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते. स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची क्षमता कास्ट आयर्नच्या जवळपास निम्मी. कारचं वजन कसारा घाटात उतारावर सांभाळायचं तर तिथे कास्ट आयर्नच बरं. कार्बन-सिरॅमिक डिस्क गंजत नाहीत, पण त्या महागड्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी आहेत. आपल्या निर्णयात त्यांचा विचार नको.

आता मोबाइलचा टॉर्च मारून डिस्क नीट बघा. ब्रेक मारल्यावर डिस्कला दाबणारं पॅड जिथे घासतं तो पट्टा चकचकीत असेल आणि बाहेरच्या कडेला तपकिरी रिंग असेल, तर काळजीचं कारण नाही. पट्ट्यावर नारंगी भुकटी असेल तर ती पहिल्या पाच-सहा ब्रेकमध्ये पुसली जाते. पुसली गेल्यावरही चकचकीत भागात काळपट खड्डे राहिले, पॅडच्या आकाराचा डाग तसाच दिसला किंवा ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडलं, तर गंज आत उतरलाय. खर्चाचा विचार तिथून सुरू होतो.

इंटरनेटवरचे गंजाचे व्हिडिओ बघताना एक लक्षात ठेवा. त्यातले बरेचसे अमेरिका-युरोपातले असतात. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. नाशिकला ना ते मीठ, ना समुद्राची खारी हवा. आपल्याकडे त्रास देते ती पावसाळ्याची ओल, आणि द्राक्षबागायतदार ज्याला घाबरतो ते थंडीतलं दव. शहरात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, पण इगतपुरीला ३००० च्या पुढे. त्यामुळे कॉलेज रोडवरून सातपूर एमआयडीसीत रोज जाणारी गाडी आणि घोटी-इगतपुरीच्या बंगल्यावर महिना-महिना उभी असलेली गाडी यांना एकच सल्ला देऊन चालणार नाही.

रोजच्या गाडीचा विषय इथेच संपतो. पॅडच तिची सफाई करत राहतात.

उभ्या गाडीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. इंदिरानगरला आई-वडिलांच्या दारात असलेली, फक्त रविवारी निघणारी गाडी घ्या. शनिवारी संध्याकाळी वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुतली, तशीच ओली आणून लावली, वर हँडब्रेक ओढला. मग पुढे पॅड आणि डिस्कच्या मध्ये पाणी अडकतं, मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असेल तर शू (ड्रमला आतून दाबणारा भाग) आणि ड्रमच्या मध्ये. काही दिवसांनी गाडी काढताना 'टक्' असा आवाज करून चाक सुटतं, किंवा सुटतच नाही. यावरचा उपाय फुकट आहे. धुतल्यावर एक-दोन किलोमीटर फिरवून, हलके हलके ब्रेक मारून डिस्क वाळवा आणि मगच लावा. जागा सपाट असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये ठेवा आणि चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळा लावा. उतारावर हे करू नका. तिथे हँडब्रेक हवाच. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा आणि मागे कोणी नाही हे बघून ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा. नुसतं इंजिन चालू करून बंद केल्याने बॅटरीचंही धड भलं होत नाही आणि डिस्कचं तर नाहीच. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर पाणीही मारू नका. आधी गार होऊ द्या.

कव्हर घ्यावं की शेड? शेड किंवा स्टिल्ट पार्किंग मिळत असेल तर ते केव्हाही सरस, कारण वरून पाऊस लागत नाही आणि बाजूने वारा खेळता राहतो. प्लास्टिकसारखं जाड कव्हर ओल्या गाडीवर घातलं तर ओल आतच कोंडते. कव्हरच घ्यायचं असेल तर हवा जाऊ देणारं घ्या आणि गाडी कोरडी झाल्यावरच घाला.

स्प्रेबद्दल मी ठाम आहे. डब्ल्यूडी-४०, ग्रीस, ऑइल, सिलिकॉन पॉलिश यातलं काहीही डिस्कच्या घासणाऱ्या भागावर मारू द्यायचं नाही. तेल पॅडमध्ये मुरलं की गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, आणि सहसा पॅड बदलल्याशिवाय सुटका नसते. उष्णता सहन करणारा पेंट डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या भागावर आणि बाहेरच्या कडेवर चालतो. तो शोभेला ठीक. ब्रेकिंगमध्ये काडीचाही फरक पडत नाही. अॅसिड असलेल्या व्हील क्लीनरने गंज उलट लवकर येतो.

जुनी डिस्क लेथवर मारून, म्हणजे वरचा पातळ थर खरवडून घ्यायची की नवी टाकायची, हा खरा पैशांचा प्रश्न. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, बहुतेक वेळा 'मिन' या अक्षरांपुढे. मेकॅनिकला मायक्रोमीटर लावून जाडी दाखवायला सांगा. अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून बघितलंत तर कास्ट आयर्नची वेटोळी निघत नाहीत, काळी भुकटी पडते, आणि दोन हलक्या कटमध्ये खड्डे जातात की नाही ते तिथल्या तिथे कळतं. गेले आणि जाडी किमानपेक्षा बऱ्यापैकी वर राहिली, तर लेथ स्वस्तात पडतं. किमानच्या जवळ आली असेल तर मजुरी वाया घालवू नका.

नवी घेताना साधी आणि कोटेड यांत मी कोटेडकडे झुकतो, पण अपेक्षा बरोबर ठेवा. झिंक-फ्लेकसारखं कोटिंग घासणाऱ्या पट्ट्यावरून सुरुवातीच्या ब्रेकिंगमध्येच निघून जातं. त्यामुळे पावसानंतरची नारंगी भुकटी कोटेडवरही दिसणारच. फायदा टोपी, कड आणि व्हेंटिलेटेड डिस्कच्या आतल्या पाकळ्यांना होतो, जिथे पॅड कधीच पोचत नाही. टोपी हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, गंजून बसली की पुढच्या वेळी डिस्क हातोड्याने काढावी लागते. कोटिंगमुळे ती वेळ सहसा येत नाही. साध्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो. बसवण्याआधी तो ब्रेक क्लीनरने पुसला का, हे समोर उभं राहून बघा. डिस्क जोडीनेच बदला, सोबत नवे पॅड, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावून घ्या. पिन अडकली की एकच पॅड घासत राहतं आणि दुसऱ्या बाजूला गंज चढतो.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं गणित थोडं वेगळं आहे. मोटरच वेग उतरवते, म्हणून रोज चालूनही डिस्क कमीच घासल्या जातात. फोक्सवॅगनने आयडी.४ ला मागे ड्रम दिलेत, त्यामागे हेही एक कारण आहे. ड्रममध्ये घासणारा भाग झाकलेला असतो. नाशिकमध्ये इलेक्ट्रिक गाडी असेल तर पावसाळ्यात अधूनमधून रीजनची (मोटरने वेग उतरवण्याची) पातळी कमी करून पायाने ब्रेक मारत जा, आणि डिस्क बदलण्याची पाळी आली तर कोटेडसाठी थोडे जास्त पैसे मोजायला बिलकुल कचरू नका.