एअरब्रश आणि टाकीवाला छोटा कंप्रेसर: गाड्यांच्या स्केल मॉडेलसाठी आठ महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश (पेनासारखं रंग फवारायचं साधन; ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग) आणि तीन लिटर टाकीचा कंप्रेसर असा संच घेतला. आता ऑक्टोबर चालू आहे. या आठ महिन्यांत त्यावर तीन गाड्या रंगवून झाल्या: तामिया या जपानी कंपनीची १/२४ स्केलची १९६६ ची फोक्सवॅगन बीटल, त्याच स्केलची निसान स्कायलाइन जीटी-आर, आणि बाजारातलं प्लॅस्टिकचं खेळणं सुधारून केलेली मुंबईची काळी-पिवळी फिएट. चौथी प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर आहे. राहायला डोंबिवलीत, खाडीपासून फार लांब नाही. त्यामुळे पुढचं सगळं आपल्या दमट हवेतल्या वापराचं आहे. पुण्या-नागपूरकडच्या मंडळींना यातला काही त्रास कदाचित कमी होईल.

आधी सात-आठ वर्षं मी स्प्रेच्या डब्यांवरच काम केलं. डब्याने गाडी वाईट दिसत नाही. तामियाच्या टीएस डब्यांचा फवारा चांगला बारीक असतो, आणि एकरंगी गाडी करायची असेल तर आजही मी नवख्याला डबाच घ्यायला सांगेन. अडचण येते ती जाडीची. खऱ्या गाडीत दार आणि बॉडी यांच्यामधली फट समजा पाच मिलिमीटरची आहे. तिला चोवीसने भागलं की उरतात जेमतेम ०.२ मिलिमीटर. एवढ्याशा खाचेवर प्रायमर, रंगाचे तीन हात आणि वर क्लिअरचे (पारदर्शक चकाकीचे) दोन हात चढले की खाच बुजत जाते आणि दार उघडणारं न वाटता कोरलेलं वाटायला लागतं. माझी पहिली बीटल डब्यातली होती. तिच्या मागच्या काचेखालच्या हवेच्या फटी रंगाने इतक्या भरल्या, की नंतर काळी शाई सोडूनही त्या उठल्या नाहीत. तोच किट पुन्हा आणला आणि एअरब्रशने केला. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या आहेत. ज्याला या छंदातलं काही कळत नाही तोही दुसरीवरच बोट ठेवतो. पातळ थर, आणि पाहिजे तिथेच थर: एवढ्यासाठी हे यंत्र घ्यायचं.

कंप्रेसरबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. तो ३ बार दाबाला आपोआप सुरू होतो आणि ४ बारला बंद होतो. टाकी घ्याच, असं मी आग्रहाने सांगतो. पिस्टन हवा धक्क्याधक्क्याने देतो. टाकी नसेल तर ते धक्के नळीतून थेट रंगात उतरतात आणि मोटरही सतत चालून तापते. टाकी असली की रेग्युलेटरवर (दाब कमी-जास्त करायच्या चावीवर) १५ ते २० पीएसआय, म्हणजे साधारण १ ते १.४ बार, लावून निवांत काम करता येतं, मोटर मधूनमधून जागी होते आणि पुन्हा गप्प बसते. आवाज फ्रीजपेक्षा जास्त, मिक्सरपेक्षा खूपच कमी. खरा त्रास कंपनाचा आहे. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात विचारलं, “रात्री मोटर लावून पाणी चढवता का रे?” तेव्हापासून कंप्रेसर जुन्या योगा मॅटच्या चार घड्यांवर ठेवतो. पुन्हा कोणी विचारलं नाही.

संचातल्या एअरब्रशबद्दल मात्र तक्रार आहे. एप्रिलच्या शेवटी सुई मागे ओढताना जड जायला लागली आणि ट्रिगरच्या खाचेत थिनर झिरपायला लागला. उघडून पाहिलं तर सुईभोवतीचं आतलं रबरी सील फुगलं होतं. लॅकर (सॉल्व्हंटवरचा, झटकन वाळणारा रंग) पातळ करायचा थिनर साध्या रबराला फुगवतो. विक्रेत्याला फोटो पाठवले. दोन आठवड्यांनी “चुकीच्या वापरामुळे” एवढंच उत्तर आलं. लॅकर चालतो असं खोक्यावर छापलेलं असताना असं उत्तर येणं मला अजूनही खटकतं. शेवटी त्याच मापाचं टेफ्लॉनचं सील वेगळं मागवून बसवलं. त्यानंतर आजवर एक थेंबही झिरपलेला नाही. तुम्ही घेणार असाल तर आतलं सील टेफ्लॉनचं आहे का आणि नोझल-सुई सुटी मिळते का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. नळीच्या जोडातून हवा गळत असेल तर घाबरू नका. साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघायचं आणि प्लंबरवाली टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळायची.

रंग किती पातळ करायचा हे शिकायलाच माझा पहिला महिना गेला. सगळे सांगतात, दुधासारखा. कोणतं दूध ते कोणी सांगत नाही. गाईचं, आणि तेही न तापवलेलं. भांड्याच्या कडेवर थेंब चढवला की तो खाली उतरताना मागे झिरझिरीत पडदा राहिला पाहिजे. जाड राहिला तर बॉडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात, फार पातळ झाला तर तो कोळ्याच्या पायांसारखा फाकतो. मे महिन्यात वेगळीच गंमत असते. रंग बॉडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच अर्धा सुकतो आणि खरखरीत भुकटी होऊन बसतो. त्यावर मिस्टर कलर या ब्रँडचा लेव्हलिंग थिनर कामी आला. त्यात वाळणं लांबवणारा घटक असतो, त्यामुळे रंगाला पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. तामियाचे ॲक्रिलिक रंगसुद्धा मी आता त्यानेच पातळ करतो. रंगाच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर स्वस्त आहे, पण तो फक्त एअरब्रश धुवायला. बॉडीवर पडला तर पॉलिस्टायरिन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, विरघळवतो.

आता पावसाळा. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही.

हवा दाबली की गरम होते, टाकीत जाऊन गार होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. जुलैत तासभर काम केल्यावर टाकीखालचा स्क्रू सैल केला तर दोनेक चमचे पाणी निघायचं. ते काढलं नाही तर टाकी आतून गंजते. उरलेली वाफ नळीत जाते. रेग्युलेटरखालचा पाणी अडवणारा काचेचा फिल्टर फेब्रुवारी ते मे पुरला, जूनमध्ये हरला. स्कायलाइनच्या बॉनेटवर मधोमध पाण्याचा एक थेंब थुंकला गेला आणि मेटॅलिक रंगात वाटाण्याएवढा डाग पडला. बॉनेट धुऊन, घासून, पुन्हा काळ्या बेसपासून सुरुवात. मग एअरब्रशच्या दांड्याला लागूनच दुसरा छोटा फिल्टर लावला. नळीत गार होऊन जमलेलं पाणी तिथे अडतं. किमतीच्या मानाने या संचात मी केलेला सर्वांत शहाणा खर्च हाच.

दुसरा प्रकार याहून फसवा. क्लिअर लॅकर मारला की दहा-पंधरा सेकंदांत बॉडीवर पांढुरकी साय येते. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला दमटपणा बसतो आणि अर्धवट ओल्या थरात अडकतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी सगळा रंग उतरवायला निघालो होतो. तसं करायची गरज नसते. नुसता लेव्हलिंग थिनर, कमी दाबाने, लांबून, अगदी धुकं सोडल्यासारखा फिरवायचा. थर पुन्हा किंचित ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि खालचा रंग डोळ्यांदेखत परत येतो. आता मी टेबलावर आर्द्रतामापक ठेवला आहे. काटा ८० टक्क्यांच्या वर असेल तर क्लिअरचं काम त्या दिवशी बंद, फक्त सीट, डॅशबोर्ड, चाकं.

स्कायलाइनचं बाकी थोडक्यात. आर३२ चा, म्हणजे स्कायलाइनच्या त्या पिढीचा, तो प्रसिद्ध गन ग्रे मेटॅलिक चकचकीत काळ्या बेसवर अत्यंत पातळ थरांत चढवला. चंदेरी कण सगळीकडे सारखे बसले, कुठेही ढग नाही. डब्याने मला हे एकदाही जमलं नव्हतं.

फिएटची गोष्ट वेगळी, कारण ती मामांसाठी केली. त्यांनी पंचवीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवली, आणि कागदावर ती प्रीमियर पद्मिनी असली तरी त्यांच्या तोंडी कायम फिएटच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट बनू लागली, १९७४ ला तिचं नाव पद्मिनी झालं, तरी मुंबईने जुनं नाव सोडलं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी मामा बातम्या बघून काही बोलले नव्हते. तेव्हाच ठरवलं होतं की एक करून द्यायची.

योग्य किट काही हाताला लागला नाही, म्हणून मागे ओढून सोडायचं खेळणं घेतलं. त्यातली मोटर काढून टाकली. जुना रंग ब्रेक ऑइलमध्ये दोन दिवस बुडवून सुटला. जाडजूड काचांच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकच्या कापून बसवल्या आणि त्या फेव्हिकॉलने चिकटवल्या, कारण इन्स्टंट ग्लूची वाफ काच पांढरी करते. टपावरचा कॅरिअर ०.५ मिलिमीटर पितळी तारेचा, डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेला. मीटर स्प्रूच्या (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांच्या) तुकड्यातून घासून काढला.

रंगाचा क्रम महत्त्वाचा. पिवळा हा झाकणारा रंग नाही. राखाडी प्रायमरवर मारला तर हिरवट, मळका दिसतो. म्हणून पांढरा प्रायमर, त्यावर फिकट गुलाबीचा एक हलका हात, मग पिवळा. गुलाबीमुळे पिवळ्याला ऊब येते. दोन दिवस वाळू दिला, टपाला मास्किंग टेप लावली आणि काळा मारायच्या आधी टेपच्या कडेवरून पुन्हा एकदा पिवळाच फिरवला. टेपखाली झिरपायचं ते पिवळंच झिरपतं आणि कड बंद होते. मग काळा. टेप काढल्यावर जी रेघ मिळाली, तशी सरळ रेघ मी आजवर काढलेली नव्हती.

गणपतीत गावाहून परतताना मामा घरी आले तेव्हा गाडी दाखवली. चष्मा वर करून त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली.

“मीटर डावीकडे लावलास, बरोबर. पण बॉनेट एवढं चकचकीत नसतं रे. रोज सकाळी फडका मारून मारून मधली चमक जाते. कडेला राहते.”

मला ते कुठल्याही फोटोत दिसलं नव्हतं. त्याच रात्री क्लिअरमध्ये मॅट मिसळून, १० पीएसआयवर, बॉनेटच्या मधोमध आणि ड्रायव्हरच्या दारावर, जिथे कोपर टेकतं तिथे, सावलीएवढा थर दिला. कडांची चमक तशीच ठेवली. डब्यातून रंग निघतो तो एकाच जोराने निघतो. इथे बोट किती मागे ओढायचं ते माझ्या हातात होतं. सकाळी मामांनी गाडी खिडकीत उजेडाला धरली आणि बॉनेटवरून अंगठा फिरवला. गाडी आता त्यांच्या टीव्हीशेजारी आहे.

धुण्याबद्दल. अर्धा तास रंगवलं तर दहा-पंधरा मिनिटं धुण्यात जातात, आणि यात सवलत नाही. एकदा जेवायला हाक आली म्हणून तसाच ठेवला. तासाभराने नोझलमधला रंग दगड झाला होता. नोझल रात्रभर थिनरमध्ये ठेवावं लागलं. सुईचं टोक एकदा बेसिनला टेकून वाकलं. बोटाच्या नखावरून ओढली की वाकलेलं टोक लागतं. तेव्हापासून फवारा एका बाजूला जाऊ लागला म्हणून नवी सुई घातली. सुट्या सुयांची एक जोडी आधीच घेऊन ठेवलेली बरी.

आणि श्वासाचं. कापडी किंवा सर्जिकल मास्क लॅकरच्या वाफेला अजिबात अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्बन कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा. मी बाल्कनीत एक्झॉस्ट लावलेल्या खोक्यात काम करतो, दार बंद करून, मुलं घरात फिरत नसताना. जवळ देवघराची समई किंवा गॅस चालू असेल तर थांबतो. ही वाफ पेटते.

खर्च: संच साधारण नऊ हजार, आणि मास्क, दुसरा फिल्टर, सील, सुया, थिनर मिळून आणखी चारेक हजार. थिनर ज्वलनशील म्हणून विमानाने येत नाही, त्यामुळे संपत आल्यावर नव्हे, अर्धा उरल्यावर मागवा. वर्षाला एखादीच गाडी करणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत. तीन-चार करणाऱ्याने घालावेत. पुन्हा घ्यायची वेळ आली तर कंप्रेसर हाच घेईन आणि एअरब्रश वेगळा, टेफ्लॉन सीलचा, सुटे भाग मिळणाऱ्या कंपनीचा घेईन.